उणे एक सर

आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात 'किती वाजले?' या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच आम्हाला सी भाषेत वेळ कशी विचारायची ते शिकवायचा. सर आधी मनगटाकडे पाहायचे, मग घड्याळ काढून कानाला लावायचे आणि टिकटिक ऐकून झाली की सांगायचे, "सव्वा अकरा. पण आधी घड्याळ चालू हाये का ते पाह्यत जा बे." तोवर अकरा सतरा झालेले असायचे. सही केली की तिच्याखाली तारीख आणि वेळ लिहायची ही त्यांची दुसरी खोड. त्याआधीही घड्याळ कानाला लागायचंच.

त्यांचं 'उणे एक सर' हे नाव आम्हीच ठेवलेलं. सीमध्ये टाइम नावाच्या फंक्शनला वेळ विचारली की ते सेकंदांचा एक भलामोठा आकडा देतं. देता आला नाही तर उणे एक देतं. असं उणे एक आलेलं आमच्या लॅबमध्ये कुणी पाहिलं नव्हतं, सरांनीही नाही. तरी प्रत्येक प्रॅक्टिकलला ते पाठीशी येऊन उभे राहत आणि विचारत, "आन् उणे एक आलं तं?"

मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, ते कधी येतच नाही जी."

"नसन येत. पण ते इमानदार हाये. नाही जमलं तं नाही जमलं म्हणते, खोटी वेळ देत नाही. तू तपासत तं जा."

त्या सेकंदांचे तास-मिनिटं करून देणाऱ्या लोकलटाइम या फंक्शनवर मात्र त्यांचा मनापासून राग होता. ते उत्तर आपल्या हातात देत नाही, स्वतःच्या एका ठरलेल्या जागी लिहितं आणि त्या जागेचा पत्ता तेवढा देतं. "बस स्टँडवर चौकशीपाशी एकच फळा हाये," सर सांगायचे. "तुम्ही नांदुऱ्याची गाडी इचारली, त्यानं लिहिली. मंग कोणी बीबी गावची इचारली, त्यानं पुसून तिथंच लिहिली. तुम्ही फळ्याकडं पाहता आन् बीबीच्या टायमावर नांदुऱ्याले निंघता." उपाय एवढाच, की त्याचा शहाणा भाऊ लोकलटाइम आर वापरायचा आणि त्याला लिहायला आपली स्वतःची जागा द्यायची. "आपली वही घेऊन जा," हे सर सेमिस्टरभर सांगत राहिले आणि आम्ही सेमिस्टरभर मान डोलावली.

सर तासिका तत्त्वावर होते. बारा वर्षं दर जूनला नवी ऑर्डर, तीही प्राचार्यांच्या मर्जीवर. कायमचे प्राध्यापक महिन्याच्या सगळ्या सह्या एका दमात ठोकायचे, त्यांना कोण विचारतो. पण जो तास घेण्यासाठीच होता, तो तास घेतो का हे मात्र तपासायला हवं होतं. म्हणून आमच्या विभागाच्या दारात हजेरीचं यंत्र बसलं. त्याचा प्रोग्राम शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मला मिळाला. शिफारस अर्थातच सरांची.

मी शहाण्यासारखं काय केलं? सर आत आले की लोकलटाइमला वेळ विचारून पत्ता ठेवला, बाहेर पडले की पुन्हा विचारून दुसरा पत्ता ठेवला. दोन्ही पत्ते त्याच एका फळ्याचे. संध्याकाळी नोंद पडायची: आले साडेचार, गेले साडेचार. चाचणी घेताना मी स्वतः आत जाऊन लगेच बाहेर आलो होतो. दोन्ही वेळा सारख्याच दिसल्या आणि मला भारी आनंद झाला होता. सर रोज चार तास घसा कोरडा करत होते आणि कागदावर दारातूनच परत जात होते.

महिन्याचा कागद सोमवारी दुपारी हातात आला तेव्हा मला माझी चूक कळली. दुरुस्ती दोन ओळींची होती. पण चूक कबूल केली तर प्रोजेक्ट जाणार, प्रोजेक्ट गेला तर वर्ष जाणार आणि पुण्यात ठरलेली नोकरीही. मंगळवारी अकराला प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"प्रोग्राममध्ये चूक नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

सर माझ्याकडे पाहत होते, प्रॅक्टिकलला पाहायचे तसेच.

"नाही, सर," मी म्हणालो.

सरांनी मान खाली घातली. "मी तास घेतले का नाही ते पोरायले इचारा," एवढंच म्हणाले. पोरांची साक्ष रेकॉर्डवर घेता येत नाही, असं प्राचार्यांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी मी गुपचूप प्रोग्राम दुरुस्त केला. दुसऱ्या दिवसापासून वेळा बरोबर यायला लागल्या, तेव्हा यंत्राच्या धाकाने सर सुधारले म्हणून माझं कौतुक झालं. सरांनी माझ्या प्रोजेक्टवर सही केली, खाली वेळ टाकली. जूनमध्ये त्यांची ऑर्डर आली नाही.

सात वर्षांनी, गेल्या दिवाळीत, मी बीबीला त्यांच्या दुकानात गेलो. ऑनलाइन फॉर्म भरून देतात, संध्याकाळी पोरांना सी शिकवतात. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. लाज वाटत होती, आजही वाटते.

सर उठले आणि कपाटातून एक फाईल काढली. माझ्या प्रोग्रामचं पान होतं. त्या दोन ओळींभोवती लाल गोल, खाली सही. सोमवार, चार वाजून दहा मिनिटं. म्हणजे मीटिंगच्या आदल्या दिवशीच.

"सर, मग तुम्ही काऊन नाही सांगितलं?"

"मी सांगतलं असतं तं तुहं वर्ष गेलं असतं. तू सांगतलं असतं तं मी वाचोलं असतं तुले. वाट पाहून राह्यलो होतो, तू काय देतं ते."

सरांनी ते पान पुढ्यात ओढलं, घड्याळ काढून कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. मग जुन्या सहीखाली त्यांनी लिहिलं, 'उणे एक आलं', आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख आणि वेळ.