गाडीच्या टॉवेलांना खळ

आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या घरात गाडी पुसायच्या टॉवेलांचं जेवढं सोवळं होतं, तेवढं माझ्या माहेरी देवघरातही नव्हतं. टॉवेल पांढरेच हवेत, म्हणजे मळ दिसतो. निव्वळ सुती हवेत. दुकानात नवरा एकेक टॉवेल गालावर घासून बघायचा आणि मी शेजारच्या रांगेत जाऊन, आपण याच्याबरोबर नाहीच, असं दाखवायची. घरी आणले की लेबलं कापायची, कडेची जाड शिवण उसवायची, कारण तिने म्हणे रंगावर ओरखडे येतात. आमच्या कपड्यांत ते धुवायचे नाहीत. ड्रायरमध्ये कपडे मऊ करायला टाकतात तो सुगंधी कागद यांना वर्ज्य, कारण त्याने टॉवेल पाणी पीत नाही. छपराचा टॉवेल चाकांना नाही, चाकांचा काचेला नाही, आणि एखादा जमिनीवर पडला की तो बाटलाच. नवरा मोटारींच्या रंगाच्या खात्यात इंजिनियर, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मुलीच्या दुपट्यांचे इतके लाड त्याने कधी केले नव्हते.

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई सांगलीच्या घराला कुलूप लावून आमच्याकडे आल्या. आता त्यांनी कायमचं इथेच राहावं, असं नवऱ्याला मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं, कारण तिथे त्या एकट्या पडल्या असत्या. त्या म्हणाल्या, "उन्हाळाभर राहून बघते. जमलं तर राहीन."

आता जमायचं म्हणजे काय? भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं. भाजीसुद्धा निवडून, चिरून, गोठवून आलेली. नातीची वेणी घालायला गेल्या तर ती म्हणायची, "आजी, आय कॅन डू इट." मी कामावरून यायची तेव्हा त्या सोफ्यावर पदर सावरून बसलेल्या असायच्या, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशा. "दे गं काहीतरी करायला," म्हणायच्या. यावर नवरा म्हणायचा, "आई, जन्मभर केलंस, आता आराम कर." हे त्याने इतक्या वेळा म्हटलं की मला त्याचं तोंड दाबावंसं वाटायचं.

मग एके दिवशी त्यांना गराजमध्ये टॉवेलांचा गठ्ठा सापडला. पांढरे शुभ्र, पण लुळे पडलेले, कडा उसवलेल्या. पोराच्या घरात कपड्यांची ही दशा बघून त्यांच्या जिवाला काय वाटलं असेल. सासऱ्यांच्या शर्टांना त्यांनी जन्मभर कडक खळ घातली होती. त्यांनी भात वैरला, पेज गाळून घेतली, सगळे टॉवेल त्यात बुडवले, मागच्या अंगणात दोरी बांधून वाळवले आणि उसवलेल्या कडा दुमडून, टीप घालून, इस्त्री करून ठेवले. मी आले तेव्हा तो गठ्ठा पापडांसारखा रचलेला होता. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुललेला दिसला. मी कपाळावर हात मारणार होते, तो केसांवरून फिरवला आणि म्हटलं, "छान झालेत, आई." मनात म्हटलं, आता रविवारी गाडी धुताना याला काय सांगायचं?

सांगायची वेळच आली नाही. शनिवारी सकाळी मी भाजी आणायला गेले होते, तेवढ्यात याने गाडी धुवायला काढली. मी परतले तर दारांवर पेजेचे पांढरे फराटे, बॉनेटवर बारीक ओरखडे, आणि हा हातात टॉवेल धरून उभा. आई त्याच्यासमोर. "आई, कशाला हात लावत जाऊ नकोस गं, प्लीज," म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, त्याही चार शब्द बोलल्या असत्या. त्या आत गेल्या.

मी मात्र त्याला सोडलं नाही. म्हटलं, पत्र्याला ओरखडा आला तर तुझा जीव जातो, आणि ती बाई सबंध दिवस भिंतीकडे बघत बसते ते तुला दिसत नाही? दोन दिवस माझी चिडचिड ऐकल्यावर तो वरमला. नवे टॉवेल आणले, आणि पुढच्या शनिवारी आईला बोलावून म्हणाला, "चल, तू पूस, मी सांगतो कसं ते."

त्यांनी पदर खोचला. टॉवेलची चौघडी कशी करायची, दाबायचं नाही, नुसता ओढायचा, सगळं शिकून घेतलं. अख्खी गाडी एकट्यांनी पुसली, वाकून खालच्या पट्ट्यासुद्धा. मी चहा टाकला होता. त्या आत आल्या, हात धुतले आणि सिंकवरच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

बाहेर नवरा दुसरा टॉवेल घेऊन गाडी पहिल्यापासून पुसत होता.

"पाणी राहिलं असेल कुठेतरी," मी म्हटलं.

"नाही गं, राहिलं नव्हतं. मी दोनदा बघून आले." त्यांनी खोचलेला पदर सोडला. "तिकिटाचं विचारून ठेव. थंडी पडायच्या आत गेलेलं बरं."