चहा पाजण्याची नोकरी

मी बी.ए. झालो ती मंदीची वर्षं होती. मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन अलिबागजवळच्या आमच्या गावी आलो तेव्हा आईने ओवाळलं, वडिलांनी देवळात नारळ फोडला आणि शेजारपाजारची माणसं येऊन मला बघून गेली. वडील गावातल्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर. गावातला पहिला बी.ए. त्यांच्या घरात झालेला. आता मामलेदार व्हायचं तेवढं राहिलं, असं लोक तोंडावर म्हणत. थोडे दिवस मलाही ते खरं वाटलं.

मग फिरणं सुरू झालं. कचेरीत जागा नव्हती. होती तीच माणसं कमी करायचं चाललं होतं. हायस्कुलात गेलो तर त्यांना ट्रेनिंग झालेला मास्तर हवा होता. मिठाच्या खात्यात कारकुनाची एक जागा निघाली, तर माझ्यासारखे इतके जमले की उभं राहायला सावली उरली नाही. घरी आलो की वडील विचारत, "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"बरं."

एवढंच बोलणं. पुढे पुढे ते विचारेनासे झाले, आणि ते जास्त जड गेलं.

शेवटी मी मुंबईला थोरल्या बहिणीकडे जाऊन राहिलो. तिचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, त्यात सासू, दोन मुलं आणि मी. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून फोर्टात जायचं, ऑफिसांचे जिने चढायचे आणि उतरायचे. चपलांचे तळ झिजले ते आतून पुठ्ठा घालून चालवले. बहीण काही बोलत नसे, पण पानात वाढताना तिचा हात अडखळतो आहे असं मला उगाच वाटे, आणि मी भूक नाही म्हणून उठे.

मेहुणे एका वखारीत कारकून होते. एका रविवारी ते म्हणाले, "चहाच्या एका कंपनीला माणसं हवीत. कोकणातला आणि शिकलेला पाहिजे."

"काम काय?"

"प्रचार." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे गावोगाव जायचं, चहा करायचा आणि लोकांना पाजायचा. फुकट. आवडला की मग ते पुड्या विकत घेतील."

मी हसलो नाही, रागावलोही नाही. कुठे आणि कधी जायचं तेवढं विचारून घेतलं.

कंपनीचे इन्स्पेक्टर पारशी होते. गोरे, स्थूल, बोलायला मोकळे. माझं सर्टिफिकेट त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"घरी चहा पितात?"

"नाही. वडिलांना चालत नाही."

"तुमाला रस्त्यात उभं राहून ओरडायची लाज वाटेल काय?"

"अजून ओरडलो नाही, त्यामुळे सांगता येत नाही."

ते मोठ्याने हसले. "बरोबर बोलला. सोमवारपासून या."

एका वर्षाची उमेदवारी, नंतर कायम करायचं की नाही ते ठरणार. चार दिवस त्यांनी आम्हाला चहा करायला शिकवला. किती पाणी, किती पत्ती, किती वेळ झाकायचं. माझ्या शेजारी एक एल्एल.बी.ला बसलेला मुलगा होता. तो किटलीकडे बघत म्हणाला, "आईला कळलं तर रडेल." मला आमच्या आईचं रडणं दिसलं नाही. वडिलांचं 'बरं' मात्र ऐकू आलं.

मला आमचाच जिल्हा मिळाला. आगबोटीने रेवस, पुढे मिळेल तशी मोटार, नाहीतर बैलगाडी, आणि गाडीही नसेल तिथे पायी. बरोबर एक ट्रंक. तीत स्टोव्ह, किटली, कपबश्या, चहाचा डबा, पुड्या, एक पितळी घंटा, आणि गुंडाळून ठेवता येणारं मोठं रंगीत चित्र. चित्रात नऊवारी नेसलेली बाई नवऱ्याला चहा देत होती आणि दोघंही हसत होती. गावात पोचलं की झाड बघायचं, चित्र टांगायचं, घंटा वाजवायची. माणसं जमली की पाठ केलेलं बोलायचं: चहाने थकवा जातो, हुशारी येते, काम हलकं होतं. हे सांगताना माझ्या पोटऱ्या इतक्या दुखत असत की मधेच मला माझ्याच शब्दांचं हसू येई.

पाणी कुणी भरलं, हा प्रश्न आधी यायचा. चहा कसा लागतो, हा नंतर. कुणी घरून आपला पेला आणत, कुणी लांब उभं राहून नुसतं बघत. एका गावात एक म्हातारे गृहस्थ सगळं ऐकून म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. मग हे काय करता?" मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही.

आमचं गाव वगळावं असं मी इन्स्पेक्टरसाहेबांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "तिथं तर तुमी फर्स्ट जायला पायजे, सगळे ओळखीचे." मी गेलो. देवळापुढच्या तळ्याच्या काठी चित्र लावलं. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. घंटा वाजवली तसे लोक आले. ओळखीचे, वाकडं न बोलणारे, म्हणूनच डोळे वर करून बघवेना. मधल्या सुट्टीत पोरांची झुंबड उडेल म्हणून मी जास्त पाणी ठेवलं होतं. पण शाळेतून कुणी बाहेर आलंच नाही. त्या दिवशी हेडमास्तरांनी मधली सुट्टी दिली नाही.

संध्याकाळी घरी गेलो. आईने न्हाणीत ऊन पाणी काढून ठेवलं होतं.  जेवण झाल्यावर हात धुऊन उठताना वडील म्हणाले, "आवाज चांगला लागतो तुझा. वर्गात ऐकू येत होता." ते कौतुक होतं की दुसरं काही, मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

थळच्या कोळीवाड्यात मी पहिल्यांदा गेलो तो थंडीत. होड्या नुकत्या लागल्या होत्या, बायका मासळी निवडत होत्या. कुणी माझ्या भाषणाकडे लक्ष दिलं नाही, पण कप मात्र पटापट रिकामे झाले. सुकी मासळी विकणारी एक पन्नाशीची बाई चहा पिऊन म्हणाली, "कडू हाय. पन आंगात ऊब आली." बाकीच्या हसल्या. पुडी कुणीच घेतली नाही.

काही आठवड्यांनी परत गेलो तर तीच बाई कमरेवर हात ठेवून पुढे उभी राहिली.

"आलास का परत? फुकट पाजून गेलास, आता आमचा म्हातारा उठला का च्या मागतो. पेज नको म्हनतो."

"मग देऊ नका."

"तुला आमचा म्हातारा ठावा न्हाय."

सगळं बंदर हसलं.  भाषणात त्याचं उत्तर नव्हतं. मी खाली वाळूत बसलो. बहुतेक थकवा चेहऱ्यावर दिसला असावा, कारण ती जवळ येऊन बसली.

"पाय दुकतात काय मास्तर?"

"दुखतात."

"मंग तूच पी की तुजा च्या."

मी प्यालो. तिलाही दिला. ती समुद्राकडे बघत म्हणाली, "गडी रात्रभर भिजून येतात. हितं बंदरावरच कुनी करून इकला तर घेतील न्हाय?"

"घेतील की."

"मला शिकव."

मी तिला शिकवलं. तिने मी सांगितली त्याच्या निम्मी पत्ती टाकली, गूळ घातला आणि आलं ठेचून टाकलं. हे कंपनीच्या रीतीत बसत नव्हतं.  पण मला दुपारच्या आत पुढच्या गावी पोचायचं होतं.

वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या पुड्या सगळ्यांत कमी खपल्याचं कळलं. आश्चर्य वाटलं नाही. उलट आतून बरं वाटलं. काढून टाकतील, घरी जाऊ, काही दिवस कुठे जायचं नाही; एवढाच विचार मनात येई आणि त्यात फार सुख होतं.

इन्स्पेक्टरसाहेब पाहणीला आले. मी त्यांना नेईन तिथे ते आले, घाम पुसत, फार न बोलता. थळला पोचलो तर बंदराच्या कडेला नारळाच्या झापांचं छप्पर उभं होतं. खाली चूल, मोठं पातेलं, फळीवर पेले. बाई ओतत होती आणि समुद्रावरून आलेले गडी उकिडवे बसून पीत होते. साहेबांनी एक पेला घेतला. घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पण सगळा प्यायले.

"हे तुमी केलं?"

"तिने केलं."

"पत्ती कोणाची?"

"आपली."

"मग झालं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या महिन्यापासून तुमी कायम."

त्यांनी ते रंगीत चित्र तिथेच टांगायला लावलं. बाईने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही बाय आमच्यातली दिसत न्हाय. पन लाव, वारा तरी आडेल."

त्या संध्याकाळी घरी सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी विचारलं, "कायम म्हणजे पेन्शन असतं का?"

"पेन्शन नाही."

 "असू दे. काढणार तर नाहीत." मग पंचा खांद्यावर टाकून ते बाहेर गेले, आणि मुलगा मुंबईच्या कंपनीत कायम झाला, असं ओटीवरून कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. चहाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

लगेच मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची डोंगरातली गावं लावून दिली. तिथे गाडीचीही सोय नव्हती. आई म्हणाली, "नाही म्हण ना यावेळी." मी ट्रंक भरली. ती फिरती मी आणखी सहा-सात वर्षं केली. मग मुंबईच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, पंख्याखाली. पहिल्या दिवशी कुणी काही काम सांगितलं नाही. शेजारचा कारकून म्हणाला, "आजचा दिवस आमचं काम बघा." मी बघितलं नाही. टेबलावर हात टेकून दुपारपर्यंत नुसता बसून राहिलो; कुठे जायचं नव्हतं.