निळी बाटली, काळा चुरा

कल्पना करा, समोरून पट्टा धावतोय. हलक्या प्रतीच्या, राखेने भरलेल्या कोळशासोबत लोखंडाचं खनिज भट्टीत भाजलंय, त्याचं लोखंड झालंय आणि थंड होऊन ते तुमच्यापुढे आलंय. चुंबकाला चिकटेल ते लोखंड, खाली पडेल तो अर्धवट जळालेला कोळशाचा चुरा. त्या चुऱ्याचं तुम्ही काय कराल? टाकून द्याल.

वहिनीही अकरा वर्षं तेच करत होती. धाकटा दीर भट्टीवर, म्हणून अख्खा कारखाना तिला वहिनीच म्हणे. पण शेजारच्या रंगाच्या शेडमधून निळं वाहत येणारं पाणी चुऱ्याच्या ढिगातून झिरपलं की नितळ होतं, हे तिने हेरलं आणि तिला चैन पडेना. चुरा रंग गिळतोय. लालबुंद तापवून त्यावर वाफ सोडली, त्याची बारीक छिद्रं आणखी उघडली, तर पाणी शुद्ध करायला बाहेरून विकत आणतात तो कोळसा इथेच होईल!

तिने हे कारखान्याच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "शनिवारी ट्रक येतोय. ढीग खड्डे भरायला जाणार. त्याआधी करून दाखवा."

तिने प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत मूठभर चुऱ्याला वाफ दिली आणि तो निळ्या पाण्याच्या बाटलीत टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी निळा रंग गेला होता, पण पाणी गंजासारखं पिवळं झालं होतं.

"वहिनी, रंग घालवायचा होता ना? तुम्ही तर नवा दिलात," दीर म्हणाला.

"दात काढू नका भावजी, डोकं चालवा."

डोकं तिचंच चाललं. लोखंडाबरोबर कोळसा जाऊ नये म्हणून ती स्वतःच चुंबक पट्ट्यापासून जरा उंच ठेवायची. त्यामुळे लोखंडाचे बारीक कण चुऱ्यात राहायचे, तेच आता पाण्यात गंजले होते. लोखंड चोख हवं, चुऱ्याचं कुणाला काय पडलंय!

शुक्रवारी तिने चुंबक खाली आणून चुरा दोनदा त्याखालून काढला, सौम्य आम्लात धुतला, मग वाफ देऊन निळ्या पाण्यात टाकला.

शनिवारी ट्रक फाटकात उभा असताना साहेबांनी बाटली उजेडात धरली. पलीकडची त्यांची बोटं स्वच्छ दिसत होती. कोळसा गाळून काढलेल्या पाण्यात निळ्याचा टिपूस नव्हता, पिवळ्याचाही नाही.

"ट्रक परत पाठवा," साहेब म्हणाले. "ढिगाला हात लावायचा नाही."

दीर हसला, पण वहिनी त्याला हाताला धरून भट्टीकडे ओढत निघाली होती.

"भावजी, भट्टीतला तापलेला वायूही वाफेसारखाच कोळसा कुरतडतो ना? मग माल अर्धा तास जास्त आत ठेवला, तर लोखंड न बिघडता ही छिद्रं भट्टीतच उघडतील का?"