काढलेली टिक

"टिक तू काढलीच नसशील, एजे! काढली असतीस तर व्हॅन आली असती." झमीर थोरल्या बहिणीवर, बुरुलवर ओरडला.

"काढली होती. आणि आवाज खाली. तुझं नाक मी पुसलंय."

बुरुलचा नवरा तोक्तोसून डायलिसिसवर होता. गाडी विकली त्याच संध्याकाळी तिने दवाखान्याच्या वेबसाइटवर 'घरची गाडी आहे' समोरची टिक काढून फॉर्म पाठवला होता. डोंगरातल्या नारिन शहरात हिमवादळ आलं, त्या दिवशी गाडी नसलेल्या रुग्णांना नेणारी दवाखान्याची व्हॅन पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला घेऊन गेली, त्यांच्या दारी आलीच नाही. फोन केला तर दवाखान्यातली बाई म्हणाली, "नोंदीत तुमच्याकडे गाडी दिसतेय." रस्ते उघडेपर्यंत तोक्तोसून गेला. मातीहून परतल्यावर दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "हिच्या आळसाने माझा भाऊ मारला," आणि तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली.

वेबसाइट झमीरनेच बनवलेली.

"थांब, दाखवतोच," म्हणत त्याने लॅपटॉप ओढला. टिक काढली, फॉर्म पाठवला, पान पुन्हा उघडलं. टिक होती तिथेच. त्याने परत काढली. परत होतीच.

"बोल ना आता," बुरुल म्हणाली.

"टिक असेल तरच पोचते. काढली की 'नाही' असं पोचत नाही, काहीच पोचत नाही. आणि मी सर्व्हरला लिहून ठेवलं होतं, जे आलं नाही ते जुनंच राहू दे. डोंगरात नेटवर्क तुटतं, लोकांची माहिती पुसली जाऊ नये म्हणून..."

आईने चहाचा कटोरा आदळला. "बास. जावई परत येणारेत का? गुपचूप दुरुस्त कर. तुझी नोकरी गेली तर खायचं काय?"

"आणि मी, अपा? जन्मभर नवरा मारलेली?"

"लोक विसरतात गं."

"माझा दीर विसरेल?"

झमीर मान खाली घालून म्हणाला, "अजून कोणाकोणाची टिक अशीच अडकली असेल, देव जाणे."

बुरुलने खुंटीवरचा काळा रुमाल डोक्याला बांधला.

"चाळीस दिवस विधवेने उंबरा ओलांडायचा नसतो," आई म्हणाली.

"तो सासरच्यांनीच ओलांडायला लावला." ती भावाकडे वळली. "आधी हे दुरुस्त कर. आत्ता. मग दवाखान्यात जायचं, तिथून माझ्या दिराकडे. तू सांगायचंस. तू गप्प बसलास तर मी सांगेन."