तक्रारीचा रकाना

दवाखान्याच्या खिडकीत माझी आत्या बावीस वर्षं केसपेपर लिहिते आहे. नाव, वय आणि मग तक्रार. त्या रकान्यात ती पेशंट बोलेल तसं उतरवते: ‘पायात मुंग्यांचं वारूळ फुटलंय’, ‘डोक्यात कुणी खलबत्ता कुटतंय’. मी अलंकार पुस्तकातून पाठ केले. तिला ते खोकल्यासारखे नुसते ऐकून ओळखू येतात. कोण फुगवून बोलतो आणि कुणाला खरंच दुसरा शब्द सापडत नाही, हे तिला कळतं.

नव्या डॉक्टरांना हे खपत नाही. "बाई, गोष्ट लिहू नका, तक्रार लिहा."

गेल्या महिन्यात शाळेचा शिपाई आला. ‘छातीवर कुणीतरी बसलंय.’ आत्या म्हणाली, कार्डिओग्राम काढू या का? डॉक्टर हसले. "अतिशयोक्ती अलंकार आहे हा, बाई!" वाक्य खोडून त्यांनी ‘पित्त’ लिहिलं. दोन दिवसांनी शिपायाची बायको मृत्यूच्या दाखल्याचं विचारत खिडकीशी उभी होती.

तेव्हापासून आत्या घरात पेलासुद्धा आदळून ठेवते.

काल एक शिवणकाम करणारी बाई आली. हळूच म्हणाली, "छातीवर शिलाई मशीन ठेवलंय, ताई. पण गर्दी आहे ना, असू दे. उद्या येते."

फुगवून सांगणारा रांग मोडून पुढे घुसतो. ही रांग सोडून निघाली होती.

आत्याने तिचा दंड धरला आणि तिला थेट कार्डिओग्रामच्या टेबलावर झोपवलं.

"डॉक्टरांची सही?" कार्डिओग्राम काढणारा म्हणाला.

"माझी घे. नोकरी गेली तर माझी जाईल. लाव वायरी!"

आलेखाची पट्टी पाहून डॉक्टरांचा चेहरा पडला. अँब्युलन्स आली, बाई वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचली. मग डॉक्टर खिडकीशी आले.

"अहो, पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. शिपायाच्या वेळी. तुम्ही हसलात."

"माणसाकडून होते हो एखादी चूक."

आत्याने खणातून शिपायाचा केसपेपर काढला आणि पेनासकट त्यांच्यापुढे सरकवला. "खोडलेलं वाक्य खाली पुन्हा लिहा. तुमच्या हाताने. आजची तारीख घाला."

डॉक्टरांनी मागे रांगेकडे पाहिलं. रांगेत कुणीतरी खाकरलं.

"थांबा जरा," आत्या रांगेला म्हणाली. "साहेब लिहितायत."