दोन सायकली आणि धुळीतली एक रेघ

पाथर्डीकडच्या बन्सीमामांचं नाव आधी लिहितो, मग सायकलचं. ते त्या दिवशी मिरजगावात अडकले नसते, तर आज माझ्या हातात पाना नसता.

अडकले ते बैलगाडीचा आख वाकला म्हणून. आख म्हणजे दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो लोखंडी दांडा. ऊसतोडीला निघालेली टोळी पुढं गेली आणि मामा-मामी आमच्या वर्कशॉपशेजारी लिंबाखाली उतरले. मी तिथं मिस्त्रींच्या हाताखाली हेल्पर. गाव अकोले तालुक्यात, डोंगरात. शाळा सातवीत सुटली आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायला शिकावं म्हणून इतक्या लांब आलो.

पाऊस नव्हता. पंप खालून पाणी ओढतो त्याला आम्ही सक्शन म्हणतो. ते वीस-बावीस फुटांपलीकडं काही ओढत नाही. म्हणून विहिरीचं पाणी खाली गेलं की इंजिनही विहिरीत खाली उतरवावं लागतं. रोज कुठल्या ना कुठल्या वस्तीवरून बोलावणं यायचं. मिस्त्रींच्या मोटारसायकलवर मागं इंजिन खाली सोडायची चेनपुली बांधलेली, त्यामुळं पान्यांची पिशवी घेऊन मी चालत. मी पोचेपर्यंत मिस्त्री आणि शेतकरी दोघंही तापलेले. शेवटी मिस्त्री म्हणाले, "सोमवारपर्यंत सायकल घे. न्हाईतर मला सायकलवाला हेल्पर बघावा लागंल."

मला रात्रभर झोप नाही. परत गावी जाऊन काय सांगणार?

हायवेच्या दुकानात एक नवी सायकल होती. लाल रंग, पातळ टायर, हलकी, घंटी अशी की ऐकत राहावं. दुसरी तिथंच विकायला ठेवलेली, बदली झालेल्या एका गुरुजींची. जुनी, काळी, डबल बार, मडगार्ड पिचलेलं. आमच्या डोंगरात पायवाटा, तिथं सायकल खांद्यावरच घ्यावी लागली असती. त्यामुळं मला त्यातलं कळायचं ते एवढंच, की लाल चांगली दिसते. पण ती घेतली तर बरेच महिने घरी काही पाठवता येणार नव्हतं. मिस्त्री म्हणाले नवीच घे, शेजारचा टेलर म्हणाला जुनी घे. मी दोघांनाही हो म्हणालो.

शनिवारी मामांचा आख बसवला. मामांनी मामीला आणि सगळा संसार गाडीत चढवला, धुळीतून गाडी हाकली आणि उतरून चाकोरी बघत मागं चालत आले. आधी रिकामी का नाही हाकली, मी विचारलं.

"रिकामी कुनाची बी सरळ चालती, पोरा. वझं घेतल्याव बघायचं."

मी जरा चाचरतच म्हणालो, मामा, माझ्या सायकली बघता का?

मामा आयुष्यात सायकलवर बसलेले नव्हते. पण आले. दोन्ही सायकलींभोवती फिरले, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा दांड्यावरून हात फिरवला. मामी मागून म्हणाली, "शेपटी उचलून बघा की." चहाच्या टपरीवरची माणसं हसली. मामा हसले नाहीत. पान्यांची पिशवी कॅरिअरला बांधायला लावली आणि म्हणाले, "बस. त्या बाभळीपातूर नीट नाकासमोर जा."

आधी लाल. वाऱ्यासारखी गेली. उतरून मागं बघितलं तर धुळीत दोन रेघा. पुढच्या चाकाची एक, आणि तिच्या बाजूला दोन बोटांवर मागच्याची. दुकानदार खाली वाकला. माणूस सरळ होता. म्हणाला, पेटीतले सुटे भाग जोडताना स्पोक एका अंगाला ओढले गेले असतील, लगेच कसून देतो.

मग गुरुजींची. कुरकुरत गेली. मागं वळलो आणि तसाच उभा राहिलो. बाभळीपासून दुकानापर्यंत एकच रेघ. सुताराने दोरी धरून मारावी तशी. मागचं चाक पुढच्याच्या रेघेवरून जरासुद्धा ढळलेलं नव्हतं. एवढी वर्षं वापरलेली, पिचक्या मडगार्डाची वस्तू इतकी सरळ चालू शकते, आणि ते धुळीत असं लिहून ठेवते, हे मी पहिल्यांदा बघत होतो. टपरीवरचे लोकही रेघ बघायला उठून आले. मग एक एसटी कडेला उतरली आणि रेघ पुसून गेली.

"सरळ हाय," मामा एवढंच म्हणाले.

सोमवारी मी गुरुजींच्या सायकलवरून वस्तीवर मिस्त्रींच्या आधी पोचलो. मिस्त्रींनी सायकलकडं बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "पिशवी सोड, फूट व्हॉल्व्ह काढ." म्हणजे पाइपाच्या तळाची झडप. म्हणजे नोकरी राहिली.

मडगार्ड अजून खडखडतं. इंजिन असो की सायकल, मी आता लोड दिल्याशिवाय कशालाही बरं म्हणत नाही. घंटी तर वाजवूनही बघत नाही.

मामा त्या आदल्या रविवारी पहाटेच कारखान्याच्या वाटेला लागले होते. जाताना मामीनं सांगितलं होतं, घरच्या विहिरीवर अजून मोटच आहे, पाणी लागलं तर इंजिनाचं बघू. मामी, पाणी लागू दे. इंजिन मी बसवीन, सक्शन मोजून, एक पैसा न घेता. पान्यांची पिशवी याच सायकलवर बांधून पाथर्डीला येईन, आणि तुमच्या दारापर्यंत एकच रेघ दिसेल.