चार नंबरजवळचं बेसिन

वॉर्डात सगळे तिला मावशीच म्हणत. बावीस वर्षं तिथली फरशी आणि खाटा तिच्याच हाताखाली होत्या. चार नंबरच्या खाटेजवळचं बेसिन ती असं घासायची, की त्यात बघून भांग पाडावा.

त्याच खाटेवर दोन महिन्यांत तिघांच्या जखमा चिघळल्या. जंतू एकच, आणि असा हट्टी की कुठल्याच औषधाला जुमानेना. पहिले आजोबा गेले. बाकीचे दोघे वेगळ्या खोलीत तापाने फणफणत होते.

प्रयोगशाळेचा माणूस आला. खाटेचे दांडे, पडदे, सगळ्यांचे हात, सगळीकडे त्याने कापसाची काडी फिरवली.

"बेसिनमध्ये फक्त हातच धुता ना?"

"फक्त हात," सिस्टर म्हणाल्या. मग बेसिनच्या जाळीत त्याने काडी घातलीच नाही.

मावशी फडकं पिळत राहिली. पेशंटचा उरलेला चहा, सरबत ती तिथंच ओतायची. मोरी व्हरांड्याच्या पार टोकाला, आणि गुडघा तिथवर साथ देईना. हल्ली पाणी तुंबायचं, नळ सोडला की शिंतोडे थेट खाटेवर. पण बोलावं तर नोकरीवर गदा. निवृत्तीला दीडच वर्ष उरलं होतं.

काड्यांवर काहीच सापडलं नाही. दोन दिवसांनी ऑपरेशन झालेला एक शिंपी स्ट्रेचरवरून आला.

"चार नंबरवर घ्या," सिस्टर म्हणाल्या.

मावशीने बादली वाटेत सरकवली. "तिथं नको."

"का? खाट पुसायची राहिली?"

"खाट पुसलीय. बेसिन नासलंय. मीच नासवलंय." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सिस्टरांनी स्ट्रेचर थांबवलं. "कधीपासून?"

"गुडघा धरल्यापासून."

"मला वाटायचं, तुमचा गुडघा फक्त रजेच्या अर्जात दुखतो."

शिंप्याला नऊ नंबर मिळाला. बेसिनचा पाइप उघडला, तर आत चहा-सरबतावर पोसलेला बोटभर बुळबुळीत थर. जंतू तोच निघाला.

"साहेबांशी मी बोलते," सिस्टर म्हणाल्या. "पण सफाईच्या बाकीच्या बायकांना तुम्हीच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी अकराजणींसमोर मावशी उभी राहिली. काही न लपवता बोलली. "आजोबा त्यानेच गेले का, ते मी अजून विचारलेलं नाही," एवढं शेवटी म्हणाली.

मग खालच्या मजल्यावरची म्हणाली, "मीपण ओतते."

"मीसुद्धा," मागून कोणीतरी म्हणालं. "दूधही चालत नाही का, मावशी?"

"नाही. दूधही नाही."